जेवढं पाहिलं तेवढं

पुण्याहून नाशिकला निघालं आणि मंचर मागे पडलं की थोड्याच वेळात कळंब लागतं. आंबेगाव तालुक्यातलं, घोडनदीच्या खोऱ्यातलं गाव. वर डिंभ्याला धरण झालं, कालवे आले आणि जिथे पावसाच्या भरवशावर बाजरी पिकायची तिथे ऊस उभा राहिला. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते शेजारच्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढून ते हटले नाहीत आणि तिथेच त्यांचा प्राण गेला. खऱ्यावर उभं राहणं म्हणजे काय, हे या पंचक्रोशीला वेगळं शिकवावं लागत नाही. मात्र रोजच्या साध्या बोलण्यात ते कसं पाळायचं, हे कळंबच्या एका पाटकऱ्याने दाखवलं. त्याची ही गोष्ट.

पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याची राखण करणारा माणूस. चाऱ्यांची दारं उघडायची, बंद करायची, शेजपाळीप्रमाणे ज्याचं पाणी त्याला पोचवायचं. उन्हाळी आवर्तनात हे काम म्हणजे रोजचं भांडण. पाण्याचा सात नंबरचा अर्ज कोणी भरला नि कोणी नाही, कोणाची पाळी मध्यरात्री संपली, कोणी अंधारात दारं मोडून पाणी आपल्या सरीत घेतलं, या सगळ्याचे आरोप त्याच्यापाशी येतात आणि प्रत्येक आरोपाबरोबर एक साक्षीदारही येतो.

गाव त्यांना आबा म्हणायचं. आबांनी नोकरीत एक सवय लावून घेतली होती. कोणी तक्रार आणली की पहिला प्रश्न ठरलेला, "तू पाहिलंस का ऐकलंस?" पाहिलं असेल तर कुठून, किती अंतरावरून, उजेड कशाचा होता. ऐकलं असेल तर कोणाच्या तोंडून. पाहिलेलं वहीत एका ओळीत, ऐकलेलं दुसऱ्या ओळीत. दोन्ही कधी मिसळायचे नाहीत. स्वतःलाही हाच नियम. निवृत्त झाले, वही सुटली, सवय राहिली.

ऊसतोड सुरू झाली की या भागात बिबट्या दाराशी येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. इथल्या बिबट्याने उसालाच घर केलं आहे. तिथे त्याला आडोसा मिळतो, पाणी मिळतं, वस्तीवरची कुत्री-शेळ्या मिळतात. मादी पिल्लंही उसातच घालते. फडात कोयता चालू झाला की आडोसा जातो आणि जनावर शेजारच्या रानात सरकतं.

अशाच एका रात्री शेजारच्या वस्तीवर गाय जिवाच्या आकांताने हंबरली. वस्ती आबांच्या भावकीतल्या एका विधवा सुनेची. पदरात शाळेत जाणारी दोन मुलं, एक गाय आणि पुढच्या वर्षी दुधाला येईल अशी एक कालवड, एवढाच तिचा संसार. आबा बॅटरी घेऊन धावले. खुंट्यापाशी दावं तुटून पडलं होतं, कालवड नव्हती. त्यांनी उजेड उसाकडे फिरवला. बांधाच्या कडेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन डोळे चमकले आणि दिसेनासे झाले. त्याच संध्याकाळी ओट्यावर बसलेले असताना त्यांनी एक आवाजही ऐकला होता. लाकडावर करवत ओढावी तसा, खरखरीत, थांबून थांबून येणारा.

सकाळी गाव जमलं. उसात थोड्या अंतरावर कालवड सापडली. वनखात्याला कळवलं गेलं. वन्यप्राण्याने पाळीव जनावर मारलं तर शासन आर्थिक मदत देतं. त्यासाठी वेळेत खबर द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो, जनावर कशाने मेलं ते ठरावं लागतं. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या जनावराला ही मदत नाही. नेमकी त्या महिन्यात त्या बाजूला कुत्र्यांची टोळी फिरत होती. बाईचं नुकसान तसंच राहील, ही धास्ती सगळ्यांना होती.

"आबा, पहिले तुम्ही पोचलात," सरपंच म्हणाले. "सांगून टाका की बिबट्या डोळ्यांनी पाहिला. गरिबाचं काम होईल."

"डोळे पाहिले. बिबट्या नाही पाहिला."

"अहो, डोळे काय हवेत असतात का?"

"नसतात. पण कुत्र्याचे चमकतात, मांजराचेही चमकतात. मी पाहिलं ते सांगीन. त्यावरून काय समजायचं ते वनखात्याच्या मॅडमना ठरवू दे."

लोकांना राग आला. म्हातारा एवढ्यासाठी अडून बसतो म्हणजे काय? शेवटी एक तरुण पुढे झाला. "मी सांगतो. मी पाहिलाय." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बाईला मदत मिळावी, एवढंच त्याला हवं होतं.

वनरक्षक मुलगी तरुण होती, कामात चोख होती. तिने लिहायला घेतलं. तरुण सांगू लागला, "गच्चीवरून पाहिला. रस्त्याच्या अंगाने आला. कालवड तोंडात धरली आणि एका उडीत कुंपण ओलांडलं. अंगावर हे एवढाले पट्टे."

तिचं पेन थांबलं. बिबट्याच्या अंगावर पट्टे नसतात, ठिपके असतात. रस्त्याच्या बाजूचं कुंपण आणि त्यालगतचं गवत जसंच्या तसं होतं. फरपट उसाच्या बाजूला गेली होती. "तुमच्या गच्चीवरून हा गोठा दिसतो?" तिने विचारलं. मध्ये चिंचेचं मोठं झाड होतं. तरुणाने मान खाली घातली.

मग व्हायचं तेच झालं. तिचा पुढचा प्रश्न त्या बाईला होता, आणि आवाजातला ओलावा कमी झाला होता. "ताई, रात्री गोठ्याचं दार लावलं होतं का? इकडे कुत्री फिरतात का?" उपकारासाठी घातलेलं खोटं आता खऱ्यालाच डागाळू लागलं होतं. एक साक्ष पडली की शेजारची साक्षही डळमळते.

आबा पुढे झाले. त्यांनी फक्त तीन गोष्टी सांगितल्या. दावं तुटलेलं पाहिलं. अमुक जागी, अमुक उंचीवर दोन डोळे पाहिले, जनावर ओळखलं नाही. आणि संध्याकाळी एक आवाज ऐकला.

"आवाज कसा होता, पुन्हा सांगा."

आबांनी सांगितलं. तिने विचारलं, "हा आवाज कशाचा, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"बिबट्याचा. तो असाच ओरडतो."

आबांना त्या आवाजाचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणूनच त्यांच्या सांगण्याला वजन आलं. ज्याचा अर्थच माहीत नाही ते माणूस सोयीसाठी कसं रचणार? ती आबांनी दाखवलेल्या जागी गेली. चारीच्या कडेच्या ओल्या मातीत ठसे होते. चार बोटं, मागे गादी, नखांची खूण नाही. कुत्र्याच्या पावलाला नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. कालवडीच्या गळ्यावर सुळ्यांची खोल भोकं होती. कुत्री बहुधा मागच्या पायांना, पोटाला झोंबतात, बिबट्या गळा धरतो. पंचनामा पुरा झाला. त्यात आबांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत उतरलं, 'दोन डोळे चमकलेले पाहिले, जनावर ओळखता आले नाही.' काही महिन्यांनी मदतीची रक्कम त्या बाईच्या खात्यात जमा झाली.

निघताना वनरक्षक त्या तरुणाला समजावून गेली. कोणीही उठून बिबट्या पाहिला म्हणतं, गाव पिंजरा मागतं, आणि जिथे जनावर नाही तिथे पिंजरा लागतो. अशा पिंजऱ्यांची किंमत माणसांनी मोजली आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जुन्नर परिसरात पुष्कळ बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले गेले. संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलं की जिथे ते सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. जिथे माणसाचा जीव पणाला लागतो, तिथे 'मी पाहिलं' हे शब्द फार जपून वापरायला हवेत.

त्या संध्याकाळी सून आबांच्या ओट्यावर आली. मदत मिळणार हे अजून नक्की नव्हतं, आणि मनात सल होता. "आबा, माझ्यासाठी एक शब्द जास्त बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"पोरी, तुझ्यासाठी एक शब्द जास्त बोललो असतो, तर माझं उरलेलं खरंही खोट्याच्या भावाने गेलं असतं. मग तुझ्या कामाला मी कुठला आलो असतो?"

नाताळच्या सुट्टीत आबांची नात पुण्याहून आली. ती कायद्याचं शिकत होती. कालवडीची हकीकत ऐकून ती म्हणाली, "आबा, तुम्ही जे केलंत ते आमच्या पुस्तकात आहे."

तिने १९६९ चा शपथ अधिनियम काढला. न्यायालयात साक्षीदाराने काय म्हणायचं ते त्यात दिलं आहे. मी जे सांगेन ते सत्य असेल, संपूर्ण सत्य असेल आणि सत्याखेरीज दुसरं काही नसेल. या वाक्याच्या सुरुवातीला दोन इंग्रजी क्रियापदं ठेवली आहेत आणि साक्षीदाराने त्यातलं एक निवडायचं आहे. एक 'स्वेअर', म्हणजे देवाचं नाव घेऊन शपथेवर सांगणं. दुसरं 'अफर्म', म्हणजे देवाला मध्ये न आणता, हे खरं आहे असं आपल्या जबाबदारीवर ठामपणे सांगणं. संविधानाच्या मराठी पाठात ही जोडी 'ईश्वरसाक्ष शपथ' आणि 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' अशी शेजारी शेजारी येते. कायद्याच्या लेखी दोन्हींचं वजन सारखंच.

"पण सिनेमात तर गीतेवर हात ठेवतात," आबा म्हणाले.

"ते सिनेमात. कायद्यात ग्रंथावर हात ठेवायला सांगितलेलं नाही. १८४० पर्यंत कंपनीच्या न्यायालयांत हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ देत. त्या वर्षीच्या कायद्याने ते बंद झालं आणि अफर्म आलं, तेव्हा मात्र देवाला साक्षी ठेवूनच."

आपल्याकडे त्याआधीची रीत आणखी कडक होती. मराठ्यांच्या काळात वतनाचा, शेताच्या हद्दीचा तंटा गोतसभेपुढे यायचा. कागद आणि साक्षी पुरे पडल्या नाहीत तर दिव्य करावं लागे. उकळत्या तेलातून हात घालून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी तो उघडून पाहायचा. निवाड्याच्या महजरावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. कुणब्याची निशाणी नांगर. गावोगावी बेलभंडारा उचलून शब्द देण्याची चाल तर आजही लोकांना ठाऊक आहे. या सगळ्यात बोलणाऱ्याच्या खरेपणाला बाहेरचं कोणीतरी जामीन राहत असे. देव, तेल, बेल, भंडारा.

आबांनी विचारलं, "मग देवाचं नाव घेतलं नाही, तर खोटं बोलणाऱ्याला जाब कोण विचारणार?"

"कायदा."

"कायद्याला कळलं तर. नाही कळलं तर?"

नातीला पटकन उत्तर सुचलं नाही. आबाच म्हणाले, "मग जामीन आपणच. आपल्या बोलण्याला आपण स्वतः जामीन. म्हणजे हे देवाच्या शपथेपेक्षा सोपं नाही, अवघड आहे."

नातीने आणखी एक कलम वाचून दाखवलं. १८६० च्या दंडसंहितेतलं खोट्या साक्षीचं १९१ वं कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत २२७ वं झालं आहे. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की जे माणूस खरं मानत नाही ते मी खरं मानतो असं सांगणं ही खोटी साक्ष आहे, आणि जे त्याला माहीत नाही ते मला माहीत आहे असं सांगणं हीसुद्धा. गोष्ट पुढे खरी निघाली तरी सुटका नाही. त्या तरुणाचं नेमकं हेच झालं होतं. कालवड बिबट्यानेच मारली होती. त्याची गोष्ट खरी निघाली, त्याचं 'मी पाहिलं' मात्र खोटं होतं.

दिवाणी दाव्याच्या कागदाखाली जे सत्यापन लिहावं लागतं, त्यातही कोणता मजकूर स्वतःच्या माहितीवरून खरा आहे आणि कोणता दुसऱ्याकडून कळलेला व खरा मानलेला आहे, हे वेगळं सांगावं लागतं. हे ऐकल्यावर आबा खुश झाले. त्यांच्या वहीतल्या दोन ओळी कायद्यातही होत्या.

"एक मात्र समजलं नाही," ते म्हणाले. "सत्य म्हटलं, सत्याखेरीज काही नाही म्हटलं. मग मध्ये संपूर्ण सत्य कशाला?"

"कारण अर्धं खरं सांगूनही माणूस फसवतो, आबा."

हंगाम संपत आला होता. आबांच्या सख्ख्या पुतण्याच्या उसाला बीडकडची टोळी आली होती. बैलगाडीवाले मजूर. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यातूनच बैल घेतलेले, पोरंबाळं कोपीत. पहाटे गाडी भरून भीमाशंकर कारखान्याची वाट धरायची, असा त्यांचा दिवस. एका पहाटे त्यातल्या एका जोडप्याचा बैल पुतण्याच्या बांधाला मरून पडला. बाई बैलाच्या गळ्याला मिठी मारून रडत होती. पुतण्या म्हणाला, पान लागलं असेल, उसात नाग फार आहेत. बांधावर सापाचा मागमूस नव्हता. तिथे दुसरंही काहीच नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मात्र तिथे तार होती. चारीच्या कडेने फिरायला गेलेल्या आबांनी ती पाहिली होती. रानडुकरांसाठी खुंट्यांवर ताणलेली उघडी तार, तिचं टोक मोटरीच्या पेटीत गेलेलं आणि तारेखाली मरून पडलेलं एक मुंगूस. पुतण्याला सांगायचं म्हणून ते त्याच्या घरीही गेले होते, पण तो भेटला नव्हता.

दुपारी पुतण्याच त्यांच्याकडे आला.

"आबा, तुम्ही काल तिकडे गेला होता म्हणतात."

"गेलो होतो."

"बैल मरताना पाहिला का तुम्ही?"

"नाही."

"तार कोणी लावली ते पाहिलं?"

"नाही."

"मग गप्प राहा. तुमचंच सांगणं आहे ना, जेवढं पाहिलं तेवढंच बोलायचं? कालवडीच्या वेळी त्या बाईसाठी एक शब्द वाढवला नाहीत. आता माझ्या विरुद्ध वाढवू नका."

आबा बराच वेळ गप्प होते. पुतण्याने त्यांचाच नियम त्यांच्यापुढे धरला होता. तो नियम धरून गप्प बसता आलं असतं. नातं राहिलं असतं, आणि एकही खोटा शब्द बोलावा लागला नसता. ऊसतोडीची माणसं दोन आठवड्यांत आपल्या गावी परतली असती. कोणी काही विचारलं नसतं.

"जेवढं पाहिलं तेवढंच बोलायचं," आबा म्हणाले, "पण तेवढं सगळं बोलायचं. बैल मरताना पाहिला नाही, हे सांगीन. तार लावताना कोणाला पाहिलं नाही, हेही सांगीन. आणि तार पाहिली, ती पेटीत गेलेली पाहिली, मुंगूस पाहिलं, हेही सांगीन. वाढवणार नाही. गाळणारही नाही."

पुतण्या उठून गेला. आबांनी पोलिसांना जबाब दिला. भावकीने त्यांच्याकडे येणं-जाणं सोडलं. पुतण्याच्या घरी बारसं झालं, त्याचं बोलावणं आलं नाही. आबांनी कोणापाशी तक्रार केली नाही. खरं बोलल्याबद्दल कोणी हार घालावा, ही अपेक्षा त्यांनी कधीच धरली नव्हती.

प्रकरण घोडेगावच्या न्यायालयात गेलं. साक्षीच्या वेळी देवाच्या नावाने शपथ घ्यायची की दृढकथन करायचं, हे निवडायची मुभा होती. आबा रोज सकाळी देवपूजा करणारे गृहस्थ. तरीही त्यांनी दृढकथन निवडलं. नातीला नंतर म्हणाले, "देवाला पुतण्याच्या विरुद्ध उभं कशाला करायचं? जे आहे ते माझ्यावर."

पुतण्याच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली. बैल मरताना पाहिलात? नाही. तार कोणी लावली ते पाहिलंत? नाही. तारेत वीज होती हे पाहिलंत? वीज डोळ्यांना दिसत नाही, साहेब. टोक पेटीत गेलेलं पाहिलं आणि मुंगूस मेलेलं पाहिलं. मुंगूस कशाने मेलं? मला माहीत नाही. तुमचं आणि पुतण्याचं वैर आहे? माझ्याकडून नाही. त्याच्याकडून आहे का, ते त्याला विचारा.

अशा साक्षीदाराला खोडून काढणं कठीण असतं. खोडून काढता येतं ते वाढवून सांगितलेलं. ज्याने 'माहीत नाही' हे शब्द लाज न बाळगता वापरले, त्याच्या 'माहीत आहे' ला धक्का लागत नाही. पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली. पुतण्याने मजुराला बैलाची किंमत दिली. बांधावर पुन्हा तार लागली नाही.

दोन उन्हाळे गेले. पाणी कमी होतं आणि चारीवर भांडणं रोजची झाली होती. एका रात्री वरच्या अंगाचं दारं कोणीतरी मोडलं आणि खालच्या लोकांची पाळी कोरडी गेली. सकाळी सगळ्यांनी पुतण्याकडे बोट दाखवलं. तारेच्या प्रकरणापासून त्याच्यावर गावाचा विश्वास उरला नव्हता. त्याला मोडताना पाहिलं असं म्हणणारे दोघे उभेही राहिले. पाटबंधाऱ्याचे अधिकारी आले. पुतण्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

तो म्हणाला, "आबांना बोलवा. ते जे सांगतील ते मला मान्य."

लोकांना नवल वाटलं. ज्या चुलत्याच्या साक्षीने तो अडचणीत आला, ज्याच्याशी दोन वर्षं शब्द बोलला नाही, त्यालाच त्याने साक्षीला बोलावलं.

आबा आले. दारं कधी मोडलं, ते त्यांनी आधी विचारून घेतलं. कालव्याच्या चौकीदाराने सांगितलं, दीडच्या सुमारास चारीचं पाणी एकाएकी उतरलं. मग आबा बोलले, "रात्री ह्याची गाय व्यायली. माझ्या ओट्यावरून ह्याचा गोठा समोर दिसतो, दिवा चालू होता. अकरापासून दोनपर्यंत हा गोठ्यात होता, हे मी पाहिलं. दोनला मला झोप लागली. त्यानंतर हा कुठे होता ते मला माहीत नाही."

पुतण्याला शेवटचं वाक्य नको होतं. पण त्या वाक्यामुळेच आधीच्या वाक्यांवर सगळ्यांनी विश्वास ठेवला. जो माणूस आपल्याच पुतण्याला पहाटेपर्यंतची साक्ष देत नाही, तो दोनपर्यंतची खोटी देणार नाही, हे सगळ्यांना कळलं. 'पाहिलं' म्हणणाऱ्या दोघांना आबांनी आपला जुना प्रश्न विचारला. कुठून, किती अंतरावरून, उजेड कशाचा होता? एकाने ऐकलं होतं. दुसऱ्याने त्या पहिल्याकडूनच ऐकलं होतं. पुतण्यावरचा आळ तिथेच उतरला.

लोक पांगल्यावर तो आबांच्या पाया पडला. "तुम्ही त्या वेळी माझ्यासाठी खोटं बोलला असतात," तो म्हणाला, "तर आज माझ्यासाठी खरं बोललेलं कोणाला पटलं नसतं."

आपल्याला न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभं राहायची वेळ कदाचित कधीच येणार नाही. पण साक्ष आपण रोज देतो. महाराष्ट्रात २०१५ पासून अनेक दाखल्यांसाठी मुद्रांकावरचं प्रतिज्ञापत्र लागत नाही, साधं स्वयंघोषणापत्र चालतं. शासन म्हणतं, तू लिहून दे, तुझ्या शब्दावर आम्ही विश्वास ठेवतो. वारसाच्या नोंदीसाठी पंच म्हणून सही करताना, उत्पन्नाचा आकडा भरताना, आलेला संदेश 'खात्रीची बातमी' म्हणून पुढे पाठवताना, शेजाऱ्याबद्दल 'मला ठाऊक आहे' म्हणताना आपण दृढकथनच करत असतो. तिथे ना गंगाजल आहे, ना उकळतं तेल. जामीन आपण स्वतः.

त्या जामिनाच्या दोन अटी आहेत. दयेपोटीही वाढवायचं नाही. भीतीपोटी किंवा मायेपोटीही गाळायचं नाही. पहिली अट पाळून दुसरी मोडणारे पुष्कळ असतात. त्यांच्या तोंडून खोटा शब्द निघत नाही, पण गरज असेल तेव्हा खराही निघत नाही. दोन्ही अटी पाळणाऱ्याला एकटं पडावं लागतं, नाती काही काळ तुटतात, आणि हे सोसायची तयारी असल्याशिवाय खरं बोलण्याचा पण करू नये. पण त्याच्या शब्दावर एक दिवस सगळे विसंबतात, मित्रही आणि ज्याच्या विरुद्ध तो बोलला तोही. ज्या गावात असा एक माणूस आहे, त्या गावात निर्दोष माणसाला आशेला जागा आहे. असा माणूस आपल्या गावात कोण, हे शोधत बसण्यापेक्षा तो आपण व्हावं.